खोकी परदेशातून, कपाट कुलूपबंद

परदेशी स्थायिक झालेला नगर जिल्ह्यातील एखादा गृहस्थ सुटीत गावी येतो, आपण जेथे मुळाक्षरे गिरविली त्या शाळेचे रिकामे कपाट पाहून कळवळतो, आणि परतल्यावर स्वतःच्या मुलांनी वाचून टाकलेल्या पुस्तकांची खोकी धाडून देतो. हा उमाळा खरा असतो. त्याची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अकोले तालुक्याच्या डोंगरातील महादेव कोळी वा ठाकर समाजाच्या मुलापुढे बर्फावरच्या घसरगाडीची इंग्रजी गोष्ट ठेवली, तर तो चित्रे पाहील, पाने उलटील आणि पुस्तक मिटून ठेवील. ज्याला पुस्तकी मराठीसुद्धा शाळेत आल्यावरच भेटते, त्याच्या वाट्याला हा दुहेरी परकेपणा कशासाठी?

या संदर्भात नगरचाच इतिहास आठवतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे आपले ठाणे मांडले. तत्पूर्वी, १८१७ च्या सुमारास, या मिशनऱ्यांनी मुंबईत मराठी छपाईस हात घातला होता. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता आणि त्याविषयी ज्याचे त्याने मत बाळगावे. परंतु सातासमुद्रापलीकडच्या देणगीदारांच्या पैशातून त्यांनी बालबोध लिपीचे खिळे जुळविले, हे विसरता येत नाही. याच मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालविल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडेच.

आज तर खिळेही जुळवावे लागत नाहीत. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला स्वस्त आहे. खोक्यांच्या बोटभाड्यात अशा पुस्तकांची एक फळी सहज भरेल.

मात्र फळी भरली म्हणजे मूल वाचते, असे नाही. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत शाळांना पुस्तके देण्याची तरतूद होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असलेच पाहिजे, असे बजावले. तरीही अनेक ठिकाणी पुस्तके डेडस्टॉक रजिस्टरात चढतात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात जाते. पुस्तक फाटले वा हरवले तर भरपाई आपल्या पगारातून होईल, या धास्तीने शिक्षक ते मुलांच्या हाती देत नाही. त्या बिचाऱ्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. कोरे राहिलेले पुस्तक तपासणीत पास होते आणि वाचून चुरगळलेले नापास, ही रीतच मुळात उफराटी आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांत तर ही रीत अधिकच जाचते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि कित्येक मुले आईबापांबरोबर कोपीवर राहावयास जातात. त्यांच्या बोचक्यात दोन पुस्तके का असू नयेत? ती चिखलाने माखून परत येतील, काही येणारही नाहीत. तेवढी तूट चौकशीविना निर्लेखित करण्याचा अधिकार जिल्हा परिषदेने मुख्याध्यापकांस द्यावा, आणि तसा आदेश टोळ्या गाव सोडण्यापूर्वी शाळांच्या हाती पडावा. दात्यांनीही खोके बांधण्याआधी एक पत्र शाळेच्या शिक्षकास लिहून, मुलांना कोणती पुस्तके हवी आहेत, एवढे विचारून घ्यावे.