ऋतूचा मासा, घरचा बेत

"मुलगा-सून टोकियोला असतात. शरदात महिनाभर आम्ही तिकडे जाणार. आम्ही कोकणातली, मासे खाणारी माणसं. पण तिथं घरोघरी कच्चा मासा खातात, सोबत साके घेतात. आम्हांला हे जमेल का? आणि बाधणार तर नाही?" असं एका भगिनीनं विचारलं आहे. हल्ली अनेकींची लेकरं जपानात असतात, म्हणून आज याच बेताबद्दल.

जपानी गृहिणीचा एक शब्द आधी लक्षात ठेवा: 'शुन'. ज्या दिवसांत जो जिन्नस सर्वांत चवदार, तो त्याचा शुन. नारळी पौर्णिमेपर्यंत मासळीची वाट पाहणाऱ्या आपल्या बायकांना हे नव्यानं सांगायला नको! कात्सुओ हा आपल्या कुप्याच्या जातीतला मासा. वसंतात तो कुरोशिओ या उबदार प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघतो, तेव्हा अंगानं सडपातळ असतो. तोच शरदात परतताना चरबीनं भरलेला असतो. मासा एक, चवी दोन! उन्हाळ्यात नदीतला आयु, शरदात सानमा, थंडीत बुरी आणि कालवं. दुकानात ज्याचा ढीग मोठा, तोच घ्यावा. चवही उत्तम आणि पैसेही वाचतात.

आता कच्च्या माशाबद्दल. "ताजा आहे ना, मग काय होतंय?" असं म्हणू नका. समुद्रातल्या बऱ्याच माशांत आनिसाकिस नावाचा दोऱ्यासारखा पांढरा जंत असू शकतो. तो मीठ, व्हिनेगर किंवा वासाबीनं मरत नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवलं किंवा ७० अंशांपर्यंत शिजवलं तरच मरतो. म्हणून 'साशिमी-यो', म्हणजे साशिमीसाठी, अशी चिठ्ठी असलेलाच तुकडा घ्या. बर्फ घालून घरी न्या आणि त्याच दिवशी संपवा. धारदार सुरी करवतीसारखी न चालवता एकाच ओढीत पातळ काप काढा आणि प्रत्येक काप उजेडात नीट पाहा. खाल्ल्यानंतर काही तासांत पोटात जोराची कळ आली, तर घरगुती औषधं करत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं सांगा.

कालवांच्या पाकिटांवर दोन प्रकार असतात. 'नामाशोकु-यो' कच्ची खाण्यासाठी, 'कानेत्सु-यो' शिजवण्यासाठी. शिजवायची कालवं शिळी असतात असं नव्हे. ती कोणत्या पाण्यातून काढली, यावर हा फरक ठरतो. पण ती कच्ची कधीही खाऊ नका. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनी कच्च्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

त्यांच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, सानमा आहे. नावाचा अर्थ शरदातला तलवारीसारखा मासा. तो धुऊन, पुसून दोन्ही बाजूंना मीठ लावा. पंधरा-वीस मिनिटांनी सुटलेलं पाणी टिपून घ्या. तिकडच्या गॅसच्या शेगडीला खाली मासे भाजायचा खण असतो, त्यात दोन्ही बाजू खरपूस भाजा. वर किसून हलका पिळलेला पांढरा मुळा, लिंबू आणि सोया सॉसचे चार थेंब. सोबत गरम भात. मसाला शोधू नका, माशाचीच चव पुरते.

साके म्हणजे तांदूळ, पाणी आणि कोजी नावाची बुरशी यांपासून आंबवलेलं पेय. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के असतो. थंडीत गाळून उन्हाळाभर मुरवलेली 'हियाओरोशी' साके शरदात दुकानात येते, ती सानमाबरोबर छान लागते. साधी 'जुनमाई' साके असेल तर कोमट करा, पण ती थेट शेगडीवर ठेवू नका. पाणी उकळून गॅस बंद करा आणि सुरई त्यात मानेपर्यंत दोन-तीन मिनिटं ठेवा. ४० अंशांच्या आसपास पुरे. दोघांत एक गो, म्हणजे १८० मिलिलिटर, भरपूर झाली. कोमट साके घशाखाली सहज उतरते आणि मग अंदाज चुकतो, म्हणून शेजारी पाण्याचा पेला हवाच. तिथं आपला पेला आपण भरत नाहीत, दुसऱ्यानं भरायचा. वीस वर्षांखालच्यांना कायद्यानंच मनाई आहे. गरोदर बाईनं आणि गाडी चालवणाऱ्यानं एक घोटही घेऊ नये. न घेणाऱ्यांना सातूचा थंड चहा, 'मुगीचा' द्या. त्यात कमीपणा नाही.

संध्याकाळी घरी अशी थोडीशी घेण्याला जपानीत 'बानशाकु' म्हणतात. या बेताची खरी मजा अशी की काप झाले, मासा भाजला की ओट्याचं काम संपलं. तेव्हा सुनेला स्वयंपाकघरात उभी ठेवू नका. तिलाही ताटावर बसवा, आणि तुम्हीही गरम गरमच खा!