‘निर्वाणा’ नावाचा वाद्यवृंद आणि नको असलेले श्रोते

गेल्या पंधरवड्यात एक धम्मबांधव आमच्या कार्यालयात आले. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी सहकुटुंब दीक्षा घेतली आहे. हातातील पिशवीतून त्यांनी आपल्या मुलाचा एक काळा टी-शर्ट काढला व टेबलावर पसरला. त्यावर पिवळ्या रेषांत काढलेला एक चेहरा होता. डोळ्यांच्या जागी फुल्या, जीभ बाहेर लोंबणारी, आणि वर इंग्रजी अक्षरांत ‘निर्वाणा’ हे नाव. ‘‘वकीलसाहेब, तथागतांच्या धम्मातले सर्वांत मोठे पद, आणि त्याच्याखाली हे झिंगलेले तोंड! यावर खटला होत नाही का?’’ असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रागाचा होता, तथापि त्यात खोटेपणा नव्हता. जे नव्याने व कष्टाने मिळविले त्याविषयी मनुष्य हळवा असतोच.

कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. धार्मिक भावना दुखावल्याबद्दलचे जुन्या दंडविधानातील कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे. त्याचा आत्मा एकच आहे: कृत्य बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेले असले पाहिजे. नकळत किंवा बेफिकिरीने झालेला अपमान या कलमाखाली येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ सालीच सांगून ठेवले आहे. सबब, खटला होत नाही.

पण कायदा सोडून आणखी एक गोष्ट आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा खंड प्रसिद्ध केला तेव्हा राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट गाळावे म्हणून केवढे काहूर उठले! ‘आमच्या भावना दुखावल्या’ हेच तेव्हाचे शस्त्र होते. ते परिशिष्ट राहावे म्हणून १९८८ च्या प्रारंभी आपली माणसे मुंबईच्या रस्त्यांवर उतरली. तो इतिहास ज्यांच्या घरात आहे त्यांनी एका सदऱ्यावरून तेच शस्त्र उचलावे हे आम्हांस शोभादायक वाटत नाही. ज्यांच्यावर खटला भरावयाचा ते कोण होते, हे तरी आधी पाहावे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अ‍ॅबर्डीन नावाचे लाकूडतोडीवर जगणारे गाव आहे. लाकडाचा धंदा बसला तसे गावही बसले. याच गावात १९८७ साली कर्ट कोबेन व क्रिस्ट नोव्होसेलिक या दोन तरुणांनी एक वाद्यवृंद उभारला. कोबेन यांनी काही काळ शाळेत झाडलोटीचे काम केले होते; नोव्होसेलिक हे क्रोएशियातून आलेल्या कुटुंबातले. त्या काळच्या पंक संगीतात वाद्यवृंदांची नावे मुद्दाम उग्र व शिवराळ ठेवीत. आपल्याला त्याऐवजी एखादे सुंदर नाव हवे होते, असे कोबेन यांनी सांगितले आहे. दोन-चार नावे टाकून झाल्यावर त्यांनी हे नाव घेतले. यात कुचेष्टा नाही. अज्ञान आहे असे म्हणता येईल. पण निब्बाण म्हणजे विझून जाणे, मरणानंतरचे काहीतरी, असे आपल्याच देशात किती जण आजही समजतात! विकारांवर ताबा मिळवून याच जीवनात धम्माच्या मार्गाने चालता येणे, हा बाबासाहेबांनी १९५७ सालच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात उलगडलेला अर्थ आपल्या तरी किती घरांत वाचला गेला आहे?

पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ साली सिएटलच्या ‘सब पॉप’ या लहानशा कंपनीने काढला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर व काही सेंट इतकाच होता. दुसऱ्या अल्बमच्या वेळी ‘गेफेन’ समूहातील ‘डीजीसी’ ही मोठी कंपनी आली. डेव्ह ग्रोल हे नवे ढोलवादक मिळाले. १९९१ च्या मे-जून महिन्यांत कॅलिफोर्नियातील साउंड सिटी या स्टुडिओत बच विग यांच्या देखरेखीखाली मुद्रण झाले आणि २४ सप्टेंबर १९९१ रोजी ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम बाजारात आला. कंपनीने अमेरिकेत प्रथम ४६,२५१ प्रती पाठविल्या. फार तर अडीच लाख खपतील असा तिचा हिशेब होता. विक्रीच्या राष्ट्रीय यादीत अल्बम १४४ व्या क्रमांकावर शिरला. ‘रोलिंग स्टोन’ या प्रतिष्ठित मासिकाने पाचांपैकी तीन तारे देऊन त्याची बोळवण केली. मग ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे गाणे दूरदर्शनच्या संगीतवाहिनीवर दिवसरात्र वाजू लागले, आणि ११ जानेवारी १९९२ च्या यादीत या तिघांनी मायकेल जॅक्सन यांच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिला क्रमांक घेतला. समीक्षकांच्या वार्षिक मतदानात १९९१ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याचीच निवड झाली. आजवर त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २००४ सालच्या यादीत त्याला स्थान दिले.

यशाची गोष्ट येथेच संपली असती तर आम्ही त्यावर अग्रलेख लिहिला नसता. आम्हांस लिहिण्याजोगे वाटते ते हे की, यश आले त्याच दिवसापासून या माणसाला आपल्या श्रोत्यांची भीती वाटू लागली. शाळेत ज्या दांडगट मुलांनी त्याला छळले, दुबळ्यांना व बायकी ठरविलेल्या मुलांना ज्यांनी बदडले, त्याच तऱ्हेची मुले आता पैसे देऊन त्याची गाणी विकत घेत होती व सभागृहात पुढच्या रांगेत नाचत होती. या अल्बममधील ‘इन ब्लूम’ हे गाणे नेमके अशाच माणसाविषयी आहे, ज्याला चाल आवडते आणि अर्थ कळत नाही. ते गाणेही त्यांनी चालीवर म्हटले!

आपल्याकडे हे घडत नाही असे समजू नये. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतावर नाचणाऱ्यांपैकी शब्द किती जणांच्या कानांत शिरतात हे एकदा बाजूला उभे राहून पाहावे.

या संग्रहात ‘पॉली’ नावाचे एक गाणे आहे. १९८७ साली टॅकोमा शहरात एका चौदा वर्षांच्या मुलीला संगीताच्या कार्यक्रमाहून परतताना पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार करण्यात आला. ती आपल्या युक्तीने निसटली. त्या घटनेवर हे गाणे रचलेले आहे आणि ते अत्याचार करणाऱ्याच्या तोंडी घातले आहे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा व त्या माणसाच्या मनातला अंधार दिसावा हा हेतू. प्रत्यक्षात काय झाले? दोघा पुरुषांनी एका मुलीवर बलात्कार करताना हेच गाणे म्हटल्याचे कोबेन यांना कळले. १९९२ च्या डिसेंबरात निघालेल्या ‘इन्सेस्टिसाइड’ या पुढच्या संग्रहाच्या वेष्टनात त्यांनी त्याविषयी स्वतः लिहिले. त्याच मजकुरात त्यांनी अशा अर्थाची विनंती केली की, जे वर्णद्वेषी आहेत, जे स्त्रियांचा किंवा समलिंगी माणसांचा तिरस्कार करतात, त्यांनी आमच्या कार्यक्रमांना येऊ नये व आमच्या ध्वनिमुद्रिका विकत घेऊ नयेत.

आपलेच गिऱ्हाईक असे परत पाठविणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही. ही केवळ शब्दांची बतावणी नव्हती. त्याच वर्षी ऑरेगॉन राज्यात समलिंगी नागरिकांच्या हक्कांवर घाला घालणारी एक घटनादुरुस्ती लोकांच्या मतास टाकण्यात आली होती. तिच्याविरुद्धच्या प्रचारासाठी सप्टेंबर १९९२ मध्ये पोर्टलंड येथे झालेल्या कार्यक्रमात हा वाद्यवृंद वाजविण्यास गेला. नोव्हेंबरात मतदारांनी ती दुरुस्ती फेटाळली. पुढे एप्रिल १९९३ मध्ये, बोस्नियाच्या युद्धात ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले त्यांच्या मदतीसाठी सॅन फ्रान्सिस्को येथे कार्यक्रम केला. बहुमताच्या जोरावर अल्पसंख्याकांचे हक्क काढून घेता येतात काय, हा प्रश्न घटना-समितीत बाबासाहेबांपुढे होता. ऑरेगॉनमध्ये तोच प्रश्न वेगळा पोशाख करून आला होता.

तथापि या मंडळींना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. पैसा आला तसा त्यांच्यातही हिशेब आला. गीतलेखनाची रॉयल्टी तिघांत समान वाटली जात असे. अल्बम गाजल्यावर कोबेन यांनी आपल्या वाट्यास फार मोठा भाग यावा, आणि तोही मागील तारखेपासून, असा आग्रह धरला. गाणी मुख्यतः त्यांचीच होती, म्हणून मागणी अगदीच अन्यायाची नव्हती. पण करार झाल्यावर व फळ दिसल्यावर तो मागे नेऊन बदलणे हे इतर दोघांना झोंबले. वाद्यवृंद मोडण्याची वेळ आली, शेवटी त्यांनी मान्य केले. भागीदारीत धंदा काढणाऱ्या आमच्या तरुणांस आम्ही नेहमी सांगतो की, वाटणी लिहून ठेवावयाची ती गल्ला रिकामा असताना.

आता मुखपृष्ठाविषयी, कारण आमच्या धम्मबांधवांचा सर्वांत जास्त राग त्यावर असावयास हवा होता आणि त्यांना ते ठाऊकही नव्हते. ‘नेव्हरमाइंड’च्या मुखपृष्ठावर चार महिन्यांचे एक नागडे बाळ पाण्याखाली पोहत आहे व त्याच्यापुढे गळाला लावलेली डॉलरची नोट आहे. मनुष्य जन्मतःच पैशाच्या गळाला लागतो, हा त्याचा उघड अर्थ. छायाचित्र पॅसाडेना येथील एका तलावात घेतले गेले. बाळाच्या आईबापांना मिळाले २०० डॉलर. पुढे कोट्यवधी प्रती निघाल्या, आणि त्या बाळाची नग्नता जगाच्या भिंतींवर चिकटली.

ते बाळ तीस वर्षांचे झाल्यावर, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याने कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. बालकांच्या अश्लील चित्रणाविरुद्धच्या कायद्याखाली त्याने नुकसानभरपाई मागितली. प्रतिवादींचे म्हणणे असे की, याच गृहस्थाने मोठेपणी अल्बमच्या वाढदिवशी पाण्यात उतरून तेच छायाचित्र पुन्हा काढून घेतले होते व अल्बमचे नाव छातीवर गोंदवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने दहा वर्षांची मुदत उलटली म्हणून दावा काढून टाकला. डिसेंबर २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. प्रत्येक पुनर्मुद्रण ही नवी इजा ठरू शकते असे त्याचे मत पडले. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी निकाल दिला की हे चित्र त्या कायद्याच्या अर्थाने अश्लील नाहीच. आंघोळ करणाऱ्या मुलाचे घरगुती छायाचित्र असते त्या जातीचे ते आहे.

निकाल आम्हांस बरोबर वाटतो. चित्रात वासना नाही. अश्लीलतेचा कायदा इतका ताणला तर खऱ्या पीडित बालकांचेच नुकसान होईल. पण दावा हरला म्हणून त्या मनुष्याचे गाऱ्हाणे संपले असे नव्हे. त्याला कोणी विचारले होते? आईबापांनी होकार दिला, तोही एका दिवसाच्या गमतीसाठी. आणि तो होकार तीस वर्षे त्याच्या मानेवर बसला. त्याने कधी त्या चित्राचा अभिमान बाळगला आणि कधी त्याला त्याची लाज वाटली, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. जन्माच्या वेळी दुसऱ्यांनी चिकटविलेली ओळख मनुष्य कधी मिरवतो, कधी ओरबाडून काढू पाहतो. हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

येथे एक व्यवहाराची गोष्ट. अज्ञान-पालकत्वाचा १९५६ चा कायदा नावाने हिंदू असला तरी तो बौद्धांसही लागू आहे. पालकाने अज्ञानाच्या वतीने जे करावयाचे ते त्याच्या हिताचे असले पाहिजे, हे त्याचे मुख्य सूत्र. दीक्षा-समारंभात, शिबिरांत आपल्या लहान मुलांची छायाचित्रे कोणीही काढतो, भ्रमणध्वनीवरून गावभर पाठवितो, जाहिरातीतही छापतो. देणगीच्या पत्रकावर उघड्या अंगाचे, रडणारे मूल छापण्याची जी सवय काही संस्थांना लागली आहे, तिला आईबापांनी स्पष्ट नकार द्यावा. दोनशे डॉलरही मिळत नाहीत तेथे.

कोबेन यांचा अंत एप्रिल १९९४ मध्ये झाला. व्यसन व आजार यांनी जर्जर झालेल्या या कलावंताने सत्ताविसाव्या वर्षी आपला जीव घेतला. ज्या नावात दुःखापासून सुटका आहे असे त्याला वाटले, त्या नावाचा मार्ग त्याला कोणी दाखविला नाही. त्यापूर्वी काही महिने, नोव्हेंबर १९९३ मध्ये, दूरदर्शनवरील एका कार्यक्रमाचा शेवट त्याने लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाने गाजविलेल्या एका जुन्या लोकगीताने केला व त्यांचे नाव आदराने घेतले. लेडबेली यांचे तारुण्य दक्षिणेकडील तुरुंगांत गेले होते. रॉक संगीताचे मूळ ज्या काळ्या माणसांच्या कंठात आहे त्यांची नावे घेण्याची रीत गोऱ्या गायकांत सार्वत्रिक नव्हती, म्हणून ही नोंद.

टी-शर्टाची घडी करून आम्ही ती त्या धम्मबांधवांच्या हाती दिली व वरील हकीगत थोडक्यात सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पोरगा दर रविवारी विहारात हाच घालून येतो. भिक्खूंसमोर मला संकोच वाटतो.’’ आम्ही विचारले, ‘‘तो येतो ना?’’

‘‘येतो. वंदनेला सर्वांच्या आधी बसतो.’’

‘‘मग येऊ द्या.’’