विश्लेषण : इंजिनातील ‘व्हीव्हीटी’ म्हणजे काय? मायलेज घटले की दोष नेहमी पेट्रोलचाच असतो का?

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेल्यापासून गाडीचे मायलेज घटल्याची तक्रार सर्रास ऐकू येते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे काही घट अपेक्षितच आहे. पण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेतही हा फरक ढोबळमानाने सहा ते सात टक्क्यांचा भरतो. घट त्याहून बरीच जास्त असेल, सकाळी गाडी सुरू करताना खडखड होत असेल आणि पिकअपही मंदावला असेल, तर कारण इंजिनातच शोधावे लागते. अशा वेळी तपासण्याजोगी एक यंत्रणा म्हणजे ‘व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग’ अर्थात ‘व्हीव्हीटी’.

झडपांची वेळ बदलण्याची गरज काय?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणाऱ्या आणि जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह असतात. त्या उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक पूर्ण होतो. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर असताना प्रत्येक झडप सेकंदाला 50 वेळा उघडते. एवढ्या वेगात आत येणाऱ्या हवेला स्वतःची गती असते. पिस्टन वर येऊ लागला तरी हवा सिलिंडरमध्ये शिरत राहते, म्हणून झडप उशिरा बंद होणे फायद्याचे ठरते. कमी वेगात मात्र तीच झडप उशिरा बंद झाली, तर आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि ताकद घटते.

दुसरा प्रश्न दोन्ही झडपा काही क्षण एकाच वेळी उघड्या राहण्याचा. सिग्नलवर गाडी उभी असताना हा काळ जास्त असेल तर इंजिन थरथरते. मध्यम वेगात मात्र तो उपयोगी पडतो. थोडा जळालेला वायू सिलिंडरमध्येच राहतो, ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण कमी होते. एकच ठरलेली वेळ ठेवली तर या सगळ्यांत तडजोड करावी लागते. ‘व्हीव्हीटी’मुळे ती बरीच टळते.

हे तंत्रज्ञान आले कधी?

विक्रीसाठीच्या मोटारीत ते प्रथम आणले इटलीच्या अल्फा रोमिओने, 1980 मध्ये ‘स्पायडर’ या गाडीत. होंडाने 1989 मध्ये जपानमधील ‘इंटेग्रा’त ‘व्हीटेक’ आणले. त्यात केवळ वेळ नव्हे, तर झडप किती उघडायची हेही बदलते. बीएमडब्ल्यूने 1992 मध्ये ‘व्हॅनोस’ आणले आणि टोयोटाने 1990च्या दशकात ‘व्हीव्हीटी-आय’. भारतात सुरुवातीला ‘व्हीटेक’ हे अक्षर मिरवणारी होंडा सिटी ही हौशी चालकांची गाडी मानली जाई. 2011च्या स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनात व्हीव्हीटी आली आणि 2020च्या डिझायरमध्ये ती आत व बाहेर अशा दोन्ही बाजूंच्या झडपांसाठी मिळाली. आता हे तंत्रज्ञान मध्यमवर्गीयांच्या छोट्या गाड्यांतही रुळले आहे.

यंत्रणा चालते कशी?

कॅमशाफ्टच्या टोकाला टायमिंग चेनचे दातेरी चाक असते. व्हीव्हीटीत हे चाक कॅमशाफ्टला थेट जोडलेले नसते. मध्ये ‘फेजर’ नावाचा डबीसारखा भाग असतो. डबीचे बाहेरचे कवच चेनबरोबर फिरते, तर आतली पाती असलेली चकती कॅमशाफ्टला घट्ट बसवलेली असते. दोन्हींच्या मधल्या कप्प्यांत इंजिन ऑइल दाबाने सोडले जाते. पात्याच्या एका बाजूला ऑइल भरले की कॅमशाफ्ट काही अंशांनी पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरले की मागे.

ऑइल कोणत्या बाजूला जाईल हे विजेवर चालणारा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. गॅरेजमध्ये त्याला ‘व्हीव्हीटी सोलेनॉइड’ म्हणतात. त्याला हुकूम देतो इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू. क्रँक आणि कॅम सेन्सरच्या मदतीने तो हुकमाप्रमाणे हालचाल झाली की नाही, हे सतत ताडून पाहतो. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो. तेव्हा फेजर सैल राहू नये म्हणून एक खिळ त्याला जागेवर अडकवून ठेवते.

ऑइल बदलणे एवढे महत्त्वाचे का?

कारण या यंत्रणेत ऑइल केवळ वंगण नसून प्रत्यक्ष काम करणारा घटक आहे. जुने ऑइल काळे पडून त्याचा गाळ झाला की सोलेनॉइडची बारीक जाळी तुंबते किंवा त्यातला दांडा अडकतो. ऑइलची पातळी खाली गेली तर पुरेसा दाब मिळत नाही. अनेक नव्या इंजिनांसाठी 0डब्ल्यू-16 किंवा 0डब्ल्यू-20 असे पातळ ऑइल सांगितलेले असते. ‘आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल बरे’ असे म्हणून जाड ऑइल भरल्यास थंड इंजिनात फेजरचा प्रतिसाद मंदावतो.

अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्यासाठी 10 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. मुंबई-पुण्याच्या कोंडीत मात्र गाडी उभी असतानाही इंजिन चालूच असते आणि ते तास किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाहीत. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे पाण्याचा अंश आणि पेट्रोल ऑइलमध्ये साचत जाते. म्हणूनच खडतर वापरासाठी पुस्तिकेत कमी मुदत दिलेली असते. ‘गाडी फार चालतच नाही’ हे ऑइल न बदलण्याचे कारण होऊ शकत नाही.

बिघाड ओळखायचा कसा?

थंड इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंद होणारी खडखड, सिग्नलवर थरथर, चढावर ताकद कमी पडणे, मायलेजमधील घट आणि ‘चेक इंजिन’चा दिवा ही ठळक लक्षणे. स्कॅनर लावल्यास पी-0011 म्हणजे वेळ गरजेपेक्षा पुढे, पी-0012 म्हणजे मागे, पी-0010 म्हणजे सोलेनॉइडच्या विद्युत जोडणीत दोष आणि पी-0016 म्हणजे क्रँक व कॅमचा मेळ चुकलेला, असे संकेत मिळतात. मात्र संकेत दोषाची दिशा दाखवतो, कोणता भाग बदलायचा हे सांगत नाही. पी-0016 चे कारण ताणलेली चेनही असू शकते.

दुरुस्तीचा योग्य क्रम कोणता?

स्वस्त आणि सोप्या तपासण्या आधी करायच्या. पहिली तपासणी ऑइलची पातळी, अवस्था आणि ग्रेड यांची. मग स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला कॅमचा कोन आणि प्रत्यक्ष कोन यांची तुलना. त्यानंतर सोलेनॉइडची वायर व कनेक्टर पाहून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजतात आणि तो कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडतात. सोलेनॉइड काढून जाळी साफ करता येते आणि बॅटरीची वीज क्षणभर देऊन आतला दांडा सरकतो का, तेही कळते. अनेक इंजिनांत तो बाहेरून एक-दोन बोल्टवर बसवलेला असतो, त्यामुळे हे काम तुलनेने सोपे असते.

एवढे करूनही दोष राहिला, तरच चेन आणि फेजरकडे वळायचे. त्यासाठी इंजिनाचे पुढचे कव्हर उघडावे लागते, टायमिंग जागेवर धरून ठेवणारी खास हत्यारे लागतात आणि मजुरी वाढते. टायमिंग चुकीचे बसले तर अनेक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळण्याचा धोका असतो. ‘फेजरच गेला’ असे कोणी पहिल्याच दिवशी सांगितले, तर आधीच्या तपासण्यांचे निकाल मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

नियम आणि वापरलेल्या गाड्यांचे काय?

भारत स्टेज-6 मानके 1 एप्रिल 2020 पासून लागू झाली. एप्रिल 2023 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गाडी रस्त्यावर प्रत्यक्ष धावतानाचे उत्सर्जन मोजण्याची अट आली. हे निकष गाठण्यात व्हीव्हीटीचा मोठा हातभार आहे. वापरातील पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत मात्र कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन पाहिले जातात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. म्हणजे व्हीव्हीटी निकामी असलेली गाडीही पीयूसीत उत्तीर्ण होऊ शकते. जुनी गाडी घेताना म्हणूनच चकचकीत रंगापेक्षा ऑइल बदलल्याच्या नोंदी, थंड इंजिनाचा आवाज आणि स्कॅनरचा अहवाल यांना महत्त्व द्यायला हवे. इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर ते थंड होईपर्यंत थांबावे. खडखड ऐकू येते ती थंड इंजिनातच.