ईथनची पेटी आणि मरणाचा हक्क

संजय लीला भन्साळी यांचा 'गुजारिश' नोव्हेंबर 2010मध्ये प्रदर्शित झाला आणि 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल दिला. इच्छामरणाचा विषय निघाला की ही दोन नावं सर्रास एका दमात घेतली जातात. सन्मानाने मरण्याच्या हक्काची बाजू या चित्रपटाने भक्कमपणे मांडली, असं त्याचे चाहते सांगतात. हा दावा टिकत नाही.

त्याचा मुख्य आधार पेटीचा प्रसंग. एके काळी गाजलेला जादूगार ईथन गोव्यातल्या जुन्या बंगल्यात 14 वर्षं मानेखाली लुळा होऊन पडून आहे. तो मरणाची परवानगी मागतो. घरीच भरलेल्या सुनावणीत तो सरकारी वकिलाला जादूच्या पेटीत बंद करवतो. वकील गुदमरतो, ओरडू लागतो. आपलं जगणं असंच आहे, हे ईथनला दाखवायचं असतं. प्रेक्षक हेलावतो. पण वकील ओरडतो ते बाहेर काढा म्हणून, मारून टाका म्हणून नव्हे!

शिवाय क्षणभराची घुसमट म्हणजे अपंगत्वाचा अनुभव नव्हे. ईथन रेडिओवरून श्रोत्यांना जगण्याची उमेद देतो, शिष्याला जादू शिकवतो, त्याची शुश्रूषा करणाऱ्या सोफियाच्या प्रेमात पडतो. गळक्या छताचं पाणी रात्रभर कपाळावर ठिबकतं आणि त्याला सरकता येत नाही, हा प्रसंग अंगावर काटा आणतो. तो मरणाची गरज सिद्ध करत नाही. रात्री हाकेला ओ देणारं माणूस जवळ नव्हतं, एवढंच सिद्ध करतो.

अरुणाताईंची गोष्ट तर अगदीच वेगळी. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर 1973मध्ये अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली आणि पुढची 42 वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांची इच्छा विचारण्याची सोयच उरली नव्हती. त्यांना मरू द्यावं, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका न्यायालयाने फेटाळली. अरुणाताईंना सांभाळणाऱ्या परिचारिकांचाही या याचिकेला विरोधच होता. उपचार थांबवण्याची वाट मात्र त्याच निकालाने, कडक अटींवर, मोकळी केली. ईथन मागतो तो थेट मृत्यू. त्याला भारतात आजही परवानगी नाही.

म्हणून हा विषयच काढू नका, असं म्हणणारेही चुकतात. नोव्हेंबर 1982मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं. ती हार आहे, असं महाराष्ट्राला वाटलं नाही. उपचार नको म्हणणं आणि जीव घेणं यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालात कायद्याच्या भाषेत आला: सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला, कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. 2023मध्ये प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं इच्छापत्र नोटरीकडून साक्षांकित करून घेता येतं. उपचार थांबवण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासावा लागतो.

भक्कम बाजू ही आहे, आणि तिला वेदनाशामक उपचारांची जोड हवी. अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर बसलेल्या मुलांना वडिलांनी काय ठरवलं होतं हेच ठाऊक नसतं, भावंडांत वाद होतात, व्हेंटिलेटर चालूच राहतो. या विषयावरचं खरं नाट्य त्या बाकड्यावर आहे आणि पुढच्या दिग्दर्शकाने कॅमेरा तिथे न्यायला हवा.