डिझेलचा भार एकट्या गाडीमालकावर का?

खानदेशातून येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत स्थिरावलेल्या आपल्या काही बांधवांनी कर्ज काढून एखाददुसरा ट्रक घेतला आहे. सुरत-धुळे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर चालली, तरी जाऊन-येऊन शंभरावर लिटर डिझेल जळते. लिटरमागे एक रुपया वाढला की फेरीमागे शंभर रुपये गेलेच. टोल, विमा, टायर, चालकाचा भत्ता, बँकेचा हप्ता वेगळा. आणि परतीचा माल नाही मिळाला तर विचारूच नका!

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, भाडे मात्र व्यापारी ठरवील तेच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, पण डिझेल त्याबाहेर राहिले. त्यामुळे डिझेलवर भरलेल्या अबकारी कराची व व्हॅटची वजावट गाडीमालकाला मिळत नाही. जुलै २०१८ च्या देशव्यापी चक्का जाममध्येही डिझेल जीएसटीत आणण्याची मागणी होतीच. अबकारी कर केंद्राचा, व्हॅट राज्याचा. म्हणून मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, याचा जाब विचारा.

आपणही भाडे तोंडी ठरवणे सोडावे. डिझेल वाढल्यास भाडे किती वाढेल, हे लेखी घ्यावे. एकट्याने मागितले तर माल दुसऱ्या गाडीत जाईल. तेव्हा आधी सर्व गाडीमालकांनी एकत्र बसून दर ठरवावा.