गोरेपणाची अफवा

२०२० साली तबलीगच्या निमित्ताने साऱ्या मुस्लिम समाजावर कोरोना पसरवल्याचा ठपका आला. खोट्या चित्रफिती पाहून लोकांनी आपल्या भाजीवाल्यांना गल्लीबाहेर काढले. तेव्हा आपण पुरावा मागत होतो. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केल्याचे मतही नोंदवले.

पुरावा मागण्याची ही सवय घरात कुठे जाते? रिश्ता आला की पहिला प्रश्न, 'मुलगी गोरी आहे ना?' त्यापायी मुली बिननावाच्या क्रीमच्या डब्या आणतात. अशा कित्येक क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतील रंगद्रव्य रोखतो आणि रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतो. केरळात मलप्पुरमला, आपल्याकडे अकोल्यात असे रुग्ण आढळले.

हजरत बिलाल यांना काबागृहावरून अजान द्यायला सांगणाऱ्या पैगंबरांचे (स.) आपण उम्मती. गोरा काळ्याहून श्रेष्ठ नाही, हे त्यांनी अखेरच्या हजमध्ये बजावले. जुम्याला हे ऐकायचे आणि रविवारी गोरी सून शोधायची? दुसऱ्याने उठवली तर अफवा, आपण उठवली तर रिवाज! पुढच्या रिश्त्यात रंग विचारू नका. सुरुवात तिथूनच होईल.