संगणकाविषयींच्या कांहीं प्रचलित समजुती

जी वस्तु घरांत झपाट्यानें शिरते, तिच्याविषयींचीं मतेंही तितक्याच झपाट्यानें बनतात. आणि घाईनें बनलेलीं मतें पुढें बराच काळ घरखर्चावर व मुलांच्या शिक्षणावर सत्ता चालवितात. संगणक व इंटरनेट यांच्या बाबतींत आपल्याकडे असेंच झालें आहे. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्य जनतेस इंटरनेट खुलें झालें, व १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वांत आला. म्हणजे दोघांचें वय जवळजवळ सारखेंच. आज वसमत, कळमनुरी, सेनगांव, औंढा या तालुक्यांतील खेड्यापाड्यांतही मोबाईलच्या द्वारें इंटरनेट पोहोंचलें आहे. पालकांच्या तोंडून वरचेवर ऐकूं येणाऱ्या तीन समजुतींचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली समजूत अशी कीं, मुलाच्या हातीं मोबाईल आला म्हणजे त्यास संगणक आला. मोबाईल हाही एक संगणकच आहे, हें खरें. हळदीचा बाजारभाव पाहण्यास किंवा निरोप धाडण्यास तो पुरेसा आहे. परंतु मोबाईल हें मुख्यतः पाहण्याचें साधन होय, व संगणक हें करण्याचें. पांच पानांचा निबंध लिहून तो दुरुस्त करणें, शेतीच्या जमाखर्चाचा तक्ता मांडणें, प्रोग्राम लिहून त्यांतील चूक हुडकून काढणें, हीं कामें चार बोटें रुंदीच्या पडद्यावर नीट होत नाहींत. जो मुलगा रोज तीन तास चित्रफिती पाहतो तो संगणक शिकला असें म्हणणें, म्हणजे जो रोज एस.टी.नें प्रवास करतो त्यास ती चालवितां येते असें म्हणण्यासारखेंच आहे. मातृभाषेचेंच उदाहरण घ्या. युनिकोड या सर्वमान्य पद्धतींत १९९१ पासून देवनागरीस स्थान आहे, आणि विंडोज व लिनक्स या दोहोंतही मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतो. तरीही आमचे किती तरी विद्यार्थी मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहितात. साधन घरीं आहे, पण तें चालविण्याची संवय नाहीं.

दुसरी समजूत अशी कीं, जें महाग तेंच चांगलें. या समजुतीपायीं कित्येक पालक कर्ज काढतात, आणि ज्यांस कर्ज मिळत नाहीं ते मुलांची आशाच सोडून देतात. विद्यार्थ्यास नवा, झगमगीत लॅपटॉप लागत नाहीं. जुन्या संगणकांतील फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एस.एस.डी. बसविली व स्मृति म्हणजे रॅम वाढविली, तर तो शालेय कामास वर्षानुवर्षें पुरतो. विंडोज १० ला नेहमीच्या सुधारणा देणें कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर पुढील विंडोज बसत नाहीं. पण तेवढ्यानें तीं यंत्रें भंगारांत घालण्याजोगीं होत नाहींत. लिनक्स त्यांवर सुखानें चालतें, व लिब्रेऑफिसमध्यें लेखन, तक्ते, सादरीकरण सर्व कांहीं होतें. हीं दोन्हीही मोफत आहेत, व तींहि कायदेशीर रीतीनें. केरळ राज्यांतील सरकारी शाळांनीं अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर मुलांस शिकविलें आहे. मग दुकानदारानें घालून दिलेली चोरटी प्रत वापरण्याचें कारण तें काय? दुसऱ्याची वही उतरवून काढणाऱ्या मुलास आपण शिक्षा करतों; घरांतील संगणकावरही तोच न्याय असावा.

तिसरी समजूत अशी कीं, इंटरनेट नसेल तर संगणक निरुपयोगी. वीज जाते, टॉवरची लहर सांपडत नाहीं, महिनाअखेर डेटा संपतो. या अडचणी खऱ्या आहेत, व गांवोगांवीं पक्की केबल पोहोंचावी ही मागणी ग्रामपंचायतींनीं सोडूं नये. परंतु लेखन, हिशेब व प्रोग्राम यांस इंटरनेट लागत नाहीं. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडियादेखील किविक्स नामक मोफत साधनानें एकदां उतरवून घेतला, कीं पुढें इंटरनेटवांचून वाचतां येतो.

हा सर्व प्रपंच कशासाठीं, असें कोणी विचारील. आमचें उत्तर औंढा तालुक्यांत आहे. तेथें दुधाळा गांवाजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहावयाची असून २०२३ सालीं केंद्र सरकारनें तिच्यासाठीं सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. काटकोनांत मांडलेल्या, प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसर किरण धावतील, आणि दूर कोठें कृष्णविवरें एकमेकांत मिसळतांना अवकाशांत जे गुरुत्वतरंग उठतात त्यांचा वेध घेतील. अमेरिकेंतील अशा दोन वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं असा तरंग प्रथम टिपला. तो कोणीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं. यंत्राच्या गोंगाटांतून तो निवडून काढला तो मनुष्यांनीं लिहिलेल्या प्रोग्रामांनीं. त्या नोंदी आज सर्वांस खुल्या आहेत. साध्या लॅपटॉपवर त्या उतरवून घेऊन कोणाही विद्यार्थ्यास तो तरंग स्वतः शोधून पाहतां येतो.

ही वेधशाळा उभी राहील तेव्हां आपल्या जिल्ह्याचीं मुलें तिच्या फाटकावर पहारा करतील, कीं आंत बसून प्रोग्राम लिहितील? पहाऱ्याचें काम हलकें नव्हे; परंतु सबंध जिल्ह्याच्या वांट्यास तेवढेंच यावें हें आम्हांस मान्य नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, दर दोन वर्षांनीं नवा मोबाईल घेण्यापेक्षां एक जुना पण नीट केलेला संगणक घरीं आणावा. एकट्यास परवडत नसेल तर दोन-तीन घरांनीं मिळून आणावा. आणि एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी: घरांतील मोबाईल पुष्कळदां वडिलांच्या व भावाच्या हातीं असतो, व मुलीची पाळी सर्वांत शेवटीं येते. संगणकापुढें तरी तिची वेळ ठरवून द्यावी. शाळांनीं आपली संगणकाची खोली कुलपांत न ठेवतां शाळा सुटल्यावर तासभर उघडी ठेवावी. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे: आज संगणकावर काय पाहिलें हें न मोजतां, आज त्यावर काय केलें, हें रोज निजण्यापूर्वीं आपल्या मनास विचारीत जा.